मिशांचं सूत्र

रविवार, ५ जुलै १९५३

आजपासून ही वही मोडी लिपीत लिहायची असं ठरवलं आहे. वडिलांनी होळकरांच्या दफ्तरात तीस वर्षं मोडी लिहिली, मलाही लहानपणी घोटून घेतली, आणि आता कचेरीत तिला कोणी विचारत नाही. तिचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. शिवाय सरलाला मोडी येत नाही. मुलींच्या शाळेत सगळं बाळबोध लिपीत असतं. लग्नाला दीड वर्ष झालं आहे, पहिलं मूल यायचं आहे. नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे बायकोला थोडं कमी कळलेलं बरं.

निमित्त असं की आज मी आयुष्यात पहिल्यांदा तिरंदाजीवर शर्त लावली आणि जिंकलो.

बडा गणपतीच्या मागे जुन्या फौजेची पागा आहे. फौज मोडली, घोडे गेले, पण साठ पावलं लांबीची ती पत्र्याखालची पडवी तशीच उभी आहे. पूर्वी दसऱ्याच्या दरबारी खेळात तिरंदाजी करणारे पाच म्हातारे पावसाळ्यात दर रविवारी तिथे तीर मारतात. गवताच्या भाऱ्यावर चुन्याचा गोल, मध्ये शेंदराचा टिळा. प्रत्येकाला दहा तीर. टिळ्यात किती लागले ते मोजायचं. सरलाचे वडील, म्हणजे माझे सासरे दौलतराव, त्या पाचांतले एक. त्यांची छत्री धरायला म्हणून गेलो, तर आत पन्नास-साठ माणसं शर्ती लावत होती.

शर्त पैशाची नसते. सुभेदार नानासाहेबांचा तसा नियम आहे: पागेत नाणं वाजवायचं नाही, घोडे बिचकतात. घोडे जाऊन पाच वर्षं झाली, पण नियम आहे. खाण्याची वस्तू लावायची, नाहीतर काम लावायचं.

सगळ्यांना इंदुरी ढंगात भिया म्हणणारा माझ्या कचेरीतला शरच्चंद्र तिथे होताच. तो म्हणाला, "भिया, एक नाव बोल. अर्धा शेर जिलबी." मी पाचही जणांकडे पाहिलं आणि ज्यांच्या मिशा सगळ्यांत मोठ्या त्यांचं नाव घेतलं. नानासाहेब. ते आठ तीर मारून पहिले आले. दौलतराव चार मारून शेवटचे. त्यांच्या मिशा झुरळाच्या मिशांएवढ्या आहेत.

जिलबी खाता खाता डोक्यात विचार आला. तो अजून गेलेला नाही.

सोमवार, ६ जुलै

मध्यभारत सरकारच्या पेन्शन शाखेत मी कारकून आहे, आणि माझ्या मागच्या कपाटात जुन्या फौजेतल्या प्रत्येक माणसाचा कागद आहे. उंची, छाती, नोकरीची वर्षं, अंगावरच्या खुणा. त्या पाचांचेही आहेत. सरकारी कागद अशा कामाला वापरावा का, असं दोन मिनिटं मनात आलं. मग म्हटलं, मी काही कागद घरी नेत नाही, आकडे तेवढे नेतो.

सूत्र तयार झालं: नोकरीची वर्षं गुणिले मिशीची लांबी, त्यात छाती मिळवायची. मिशीचा संबंध श्वासाशी आहे. जड मिशी असली की माणूस नाकाने सावकाश श्वास सोडतो आणि हात हलत नाही. हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मिशांची मापं मात्र कागदात नाहीत. ती घ्यावी लागतील.

रविवार, १२ जुलै

मापं घेतली. पेन्शनच्या नव्या फॉर्मात लागतात, असं सांगितलं. नानासाहेबांनी दोऱ्यासमोर अशी मान ताठ केली की जणू तसबीरच काढायची आहे. जमादार प्रतापरावांनी आधी मिशीला तूप लावून घेतलं. दौलतराव म्हणाले, जावईबापू, माझ्या मिशीला दोरा कशाला, तीळ ठेवून मोजा.

आणि मग मी नुसता पहिला नाही, पाचही नंबर आधी सांगितले. नानासाहेब, प्रतापराव, हवालदार, नाईक, दौलतराव. तसेच्या तसे आले. आठ, सात, सहा, पाच, चार. पागेत माझ्याकडे माणसं वळून वळून पाहत होती. चार कचोऱ्या, एक शेर शेव आणि हरी चपराश्याकडून आठवडाभर माझ्या टेबलावर ताजं पाणी, एवढं जिंकून घरी आलो.

घरी सरलाने कारली केली होती. तिला बोलायची सोय नाही, तिचे दिवस आहेत, म्हणून इथे लिहितो: असली कारली शत्रूच्या घोड्यालाही घालू नयेत.

बुधवार, १५ जुलै

सोमवारी कारली. काल कारली. आज भरली कारली. मंडईत स्वस्त झाली असावीत.

रविवार, २६ जुलै

आज सूत्राची खरी परीक्षा झाली. नानासाहेबांना खोकला झालाय. त्यांचे दहांतले पाचच लागले. म्हटलं, आता शर्त गेली, कारण प्रतापराव नेहमी सात मारतात. पण प्रतापरावांचे आज चार लागले. हवालदारांचे तीन, नाईकांचे दोन आणि दौलतरावांचा एक. नंबर तेच राहिले, माझी शर्त तरली.

घरी येऊन विचार केला. पाचांनाही एकाच दिवशी तीन तीन तीर कमी का पडावेत? कारण हवेतला ओलावा. आज पत्र्यावर पाऊस कोसळत होता, दोऱ्या भिजल्या असणार. सूत्रात ओलाव्याचा आकडा घातला. आता ते अगदी पक्कं झालं आहे.

रविवार, ९ ऑगस्ट

सरलाला चिंच हवी झाली. दौलतरावांच्या परसात मोठं चिंचेचं झाड आहे, पण गेल्या हंगामातले उरलेले आकडे पार शेंड्याला. मी काठी शोधत होतो तेवढ्यात म्हाताऱ्याने घरातून कमान आणली आणि बोलता बोलता तीर सोडला. आकडा खाली. सरला म्हणाली, "आबा, तो नको, त्याच्या डावीकडचा." डावीकडचा आला. सात तीर, सात आकडे. फांदीला धक्का नाही.

आणि दोन तासांनी पागेत हेच गृहस्थ दहांतून चार मारतात. मी त्यांना समजावून सांगितलं की उघड्यावरची हवा कोरडी असते, पागेतली दमट, आणि मिशी आखूड असल्यामुळे दमट हवेत त्यांचा श्वास सांभाळला जात नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, असेल बापू, तुम्ही शिकलेले. सरला पदर तोंडाला लावून आत गेली. तिला अलीकडे मळमळतं.

रविवार, २३ ऑगस्ट

मी प्रसिद्ध झालो आहे. सराफ्यातला पानवाला मला मिशीवाले बाबू म्हणतो, आणि मला स्वतःला तर मिशी नाही. आज पागेत शिरलो तेव्हा लोकांनी वाट करून दिली. दोघा जणांनी आपापल्या मुलांच्या परीक्षेचं विचारलं. एकाने म्हशीचं विचारलं. मी म्हशीबद्दल काही सांगितलं नाही, पण सांगावंसं वाटलं, हे कबूल करतो.

घरी इतकी जिलबी येते की सरलाने शेजाऱ्यांची यादी केली आहे. आठ रविवार, एकही चूक नाही. चालताना पाय जमिनीला नीट टेकत नाहीत.

रविवार, १३ सप्टेंबर

दौलतरावांच्या ओसरीवर एक चौकट टांगलेली आहे, आत मोडीतलं पत्र. आज पहिल्यांदा नीट वाचलं. वीस सालच्या दसऱ्याची शाबासकी आहे: "शिपाई दौलतराव यांचा नेम उत्तम, अदब त्याहून उत्तम." म्हणजे तरुणपणी म्हातारा बरा मारत असावा. वयाने सगळंच उतरतं. दौलतरावांना वाचता येत नाही. ते म्हणाले, "सरला लहानपणी रोज वाचून दाखवायची. तबेल्याचा मुन्शी शेजारी राहायचा, त्याने शिकवलं तिला." तिचं ते पाठ झालं असणार. चार ओळींचं तर पत्र.

सोमवार, २८ सप्टेंबर

आनंदाची बातमी. सरकार दसऱ्यानंतर ग्वाल्हेरला जाणार. दर वर्षी जातं: उन्हाळा-पावसाळा राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. बावीस ऑक्टोबरला पेट्या, कागद, कारकून सगळे गाडीत. शाखेचा एकच माणूस इंदुरात मागे राहतो, आणि यंदा मोठ्या बाबूंनी माझं नाव दिलं. सरलाचा नववा महिना ऐन तेव्हाच येतो म्हणून.

सरलाला सांगितलं तर ती खालीच बसली. मग रडली, मग हसली, मग देवापुढे साखर ठेवली. मला माहीत होतं ती घाबरते, पण किती ते आज कळलं. तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तेव्हा दौलतराव महाराजांच्या स्वारीबरोबर मसुरीला होते, तार मिळून परत येईपर्यंत बारा दिवस गेले. सरला तेव्हा सहा वर्षांची. ती म्हणाली, "तुम्ही दारात बसून राहिलात तरी मला पुरे आहे. काही करू नका, नुसते असा." मी बरं म्हटलं.

सोमवार, ५ ऑक्टोबर

मी गाढवपणा केला की पराक्रम केला, ते मला अजून ठरवता येत नाही.

दुपारी शरच्चंद्र टेबलाशी आला. ग्वाल्हेरच्या थंडीत त्याचे गुडघे वाजतात, त्याला इथे राहायचं आहे. तो म्हणाला, "भिया, तुझं सूत्र इतकं पक्कं आहे ना? मग जिलबी काय लावतो लहान मुलासारखी? अठराला मोठा सामना आहे. तू जीतला तर पुढची तीन वर्षं तुझ्या बदली मी ग्वाल्हेर जाणार. हारला तर या साल तू जा, मी थांबतो."

तीन हिवाळे. मूल रांगेल, चालेल, बोलेल, आणि मी इथे असेन. डोक्यात आकडे भिरभिरायला लागले. चौदा रविवारांत एक चूक नाही. मी हो म्हटलं. सगळी शाखा साक्षीला होती. माझ्या मनातलं नाव चिठ्ठीत लिहून अठराला सकाळी हरीच्या डब्यात टाकायचं, शेवटच्या तीरानंतर मोठे बाबू ती सगळ्यांसमोर वाचणार. तीर मारणाऱ्यांना आधी काही कळता कामा नये, हाही नानासाहेबांचा नियम.

हो म्हटल्यानंतर शरच्चंद्राने सांगितलं की मोठ्या सामन्यात बाहेरच्यालाही मुभा आहे, आणि त्याचा महूचा मावसभाऊ शाम उतरणार आहे. संध्याकाळी मी त्याला पागेत पाहिलं. बावीस वर्षांचा, कोणत्याशा क्लबात शिकलेला. दहांतले नऊ मारले.

मग त्याचा चेहरा नीट पाहिला. सफाचट. मिशी शून्य, नोकरी शून्य. शून्याने गुणलं की काय उरतं? त्याचं आजचं नशीब होतं. चिठ्ठीत नानासाहेबच.

सरलाला सांगितलेलं नाही. जिंकल्यावर सांगीन.

बुधवार, ७ ऑक्टोबर

सरला काल दिवसभर बोलली नाही. वरणात मीठ नव्हतं. मी विचारलं, तर माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मीच मीठ घ्यायला उठलो. आज सकाळी लाडवांचा डबा घेऊन आबांकडे गेली, दुपारी परत आली ती एकदम खुशीत. मला दोनदा वाढलं. नवव्या महिन्याच्या उंबरठ्यावर बायकांचं मन असंच होत असावं.

रविवार, ११ ऑक्टोबर

नेहमीचे नंबर. दौलतराव चार. शाम आज आलाच नव्हता.

परत येताना दौलतरावांनी विचारलं, "बापू, अठराला चिठ्ठी केव्हा टाकता?" मी म्हटलं, सकाळी, पागेत शिरताना. त्यांनी मान हलवली. त्यांना चिठ्ठीचं कोणी सांगितलं कोण जाणे. हरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांच्या घरी पोचताच ते कमानीच्या दोरीला मेण लावत बसले. उगीच. चार तिरांसाठी मेण कशाला?

शनिवार, १७ ऑक्टोबर. दसरा

सोनं द्यायला नानासाहेबांच्या दारी पागेतले चौघेही आले होते. प्रतापरावांनी पहिलं सोनं दिलं, मग हवालदार, मग नाईक, शेवटी दौलतराव. कोणी कोणाला सांगत नव्हतं, आपोआप रांग लागली. मी मागे उभा होतो आणि अंगावर काटा आला, कारण तो क्रम तंतोतंत माझ्या यादीचा होता. मिशीच्या लांबीनुसार माणसं नकळत रांगसुद्धा लावतात. सूत्राचा याहून मोठा पुरावा काय हवा?

चिठ्ठी लिहिली. मोडीतच, म्हणजे डब्यात कोणी डोकावलं तरी सहज लागू नये. मोठ्या बाबूंना मोडी येते. तीन घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवली. सरला म्हणाली, कोट द्या, उद्यासाठी इस्त्री करते.

रविवार, १८ ऑक्टोबर

कुठून सुरुवात करू? वहीवर शाई सांडली, सरला हसते आहे.

सकाळी कोट घातला. खिशात चिठ्ठी होती. चार घड्यांची. मला तीन आठवत होत्या, पण त्या वेळी घड्या मोजायचं भान कोणाला. डब्यात टाकली.

पागा इतकी भरली होती की माणसं घोड्यांच्या दावणींत उभी होती. शाम पाहुणा म्हणून त्याला पहिला मान. त्याने तीर सोडायला सुरुवात केली आणि माझं सूत्र एकेक तिराबरोबर गळायला लागलं. नऊ लागले. शून्याने गुणलेला माणूस नऊ मारून रुमालाने कपाळ पुसत बाजूला झाला.

मग नानासाहेब. मी देव, कुलदैवत, खजराण्याचा गणपती, सगळ्यांना हाका मारल्या. आठ. त्यांनी आठच मारले. प्रतापराव सात. हवालदार सहा. नाईक पाच. शरच्चंद्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भिया, लोकरीचे मोजे घेऊन ठेव." त्याचा आवाज वाईट नव्हता, खरंच कळवळून म्हणाला. मला दिसत होती ती फक्त सरला, आणि तिच्या दारात कोणी नाही. तुम्ही नुसते असा, म्हणाली होती ती. एवढंच मागितलं होतं तिने, आणि ते मी जिलबीसारखं लावून बसलो होतो. असा लाजलो की भिंतीकडे तोंड केलं.

उरले दौलतराव. चार मारणारा माणूस, त्याच्याकडे कोण पाहणार. अर्धी पागा बाहेर जिलबीच्या कढईकडे निघाली होती. पहिला तीर लागला. दुसरा, तिसरा, चौथा. आता चुकतील, असं सगळ्यांनाच माहीत होतं. पाचवा लागला. सहावा लागला तेव्हा बाहेर गेलेले आत यायला लागले. सातवा. आठवा लागल्यावर पागेत पत्र्यावरच्या कबुतरांचा आवाज ऐकू येत होता.

दौलतराव थांबले. नानासाहेबांचेही आठच होते. त्यांनी कमान खाली केली, वळले आणि नानासाहेबांना वाकून मुजरा केला.

"सुभेदारसाहेब, माफी असावी."

नानासाहेबांनी मुजरा घेतला. मग म्हणाले, "मार, दौलत."

नववा टिळ्याच्या मधोमध. शामशी बरोबरी झाली. दहावा तीर लावताना म्हाताऱ्याचा हात इतका स्वस्थ होता की मला परसातली चिंच आठवली. दहावाही लागला.

पुढे पागेत काय झालं ते लिहिता येणार नाही. पगड्या उडाल्या, एक कढई लवंडली, शामने म्हाताऱ्याचे पाय धरले. पण नानासाहेब हसत नव्हते. ते उठून आले आणि त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"तेहतीस," दौलतराव म्हणाले. "एकदा आपल्यापेक्षा एक तीर जास्त लागला होता. त्यानंतर नाही लागू दिला."

नानासाहेबांनी प्रतापरावांकडे पाहिलं. "आणि तुम्ही, जमादार?" प्रतापराव पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागले. हवालदार आणि नाईक एकमेकांच्या मागे लपायला बघत होते. नानासाहेब म्हणाले, "म्हणजे मला खोकला झाला तेव्हा..." आणि बोटांवर मोजायला लागले, पाच, चार, तीन, दोन, एक.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खालच्याने वरच्याला मागे टाकायचं नाही. सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, शिपाई. जितका हुद्दा मोठा, तितकी नोकरी जास्त आणि तितकी मिशी लांब. सगळा पावसाळा मी हुद्द्यांची यादी वाचत होतो आणि त्याला शास्त्र म्हणत होतो. मिशीवाल्या बाबूला कुठे तोंड लपवावं कळेना.

"मग आजच का, दौलत?" नानासाहेबांनी विचारलं.

"पोरीची आई गेली तेव्हा मी मसुरीला होतो, साहेब. जावई ग्वाल्हेरला नको."

नानासाहेबांचे डोळे भरले. मग त्यांनी मिशीला पीळ दिला आणि हुकूम सोडला: पुन्हा मारायचं, खालून वर, आणि जो अदब करील त्याने पागेत पाऊल टाकायचं नाही. पुन्हा मारले. दौलतराव पुन्हा दहा, प्रतापराव नऊ, नाईक आठ, हवालदार आठ. नानासाहेबांचे सहा लागले, पाचांत शेवटचे, आणि सगळ्यांत जास्त तेच हसले. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी खरा खेळ पाहायला मिळाला.

मी मात्र कोपऱ्यात उभा होतो, कारण माझ्या चिठ्ठीत नानासाहेबांचं नाव होतं. म्हाताऱ्याने माझ्यासाठी तेहतीस वर्षांचं व्रत मोडलं आणि मी त्यांना धरलंच नव्हतं. हे त्यांना कळणार, सगळ्यांसमोर. ग्वाल्हेरपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली. मोठ्या बाबूंनी डबा उघडला, चष्मा पुसला, वाचलं.

"दौलतराव."

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. शरच्चंद्राने त्यांच्या हातातून चिठ्ठी घेतली, उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाला, "मान गए भिया." दौलतराव माझ्यापाशी आले. "सगळी पागा सुभेदारांवर शर्त लावत होती," ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही माझ्यावर लावलीत."

मी खाली वाकून पाया पडलो.

आता विचार करकरून थकलो आहे. नानासाहेबांचं नाव लिहिल्याचं मला स्पष्ट आठवतं. एकच शक्यता दिसते: सूत्र चुकीचं होतं हे माझ्या डोक्याला कळलं नाही, पण हाताला कळलं. माणसाच्या आत असं काहीतरी असतं. यावर एकदा सविस्तर लिहायला हवं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

शरच्चंद्राला स्टेशनवर पोचवून आलो. सरलाने त्याच्यासाठी दोन लोकरीचे मोजे विणून दिले, गुडघ्यापर्यंतचे. तिने ते केव्हा विणले? आठ-दहा दिवसांचं तरी काम आहे. विचारलं, तर म्हणाली, कोणीतरी जाणारच होतं ना.

रविवार, १५ नोव्हेंबर

गुरुवारी सकाळी मुलगी झाली. सरला सुखरूप आहे. मी पहाटेपासून दारात बसून होतो, काही केलं नाही, नुसता होतो. दौलतराव माझ्या शेजारी होते. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा ज्या हाताने दहा तीर मारले तो हात असा कापायला लागला की मी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. ते एकदाच म्हणाले, "आज होतो मी इथे."

नानासाहेब बारशाआधीच येऊन गेले. मुलीच्या ओठावर बोट ठेवून म्हणाले, मिशी नाही, म्हणजे नेम चांगला असणार. पागा कधी हसली नसेल इतके आम्ही त्या खोलीत हसलो.

आज दुपारी सरला मुलीला घेऊन पडली होती. म्हणाली, "अहो, हिला मोठेपणी मोडी शिकवायची हं."

मी म्हटलं, मला कुठला वेळ, आणि हल्ली मोडी शिकवणारं मिळतंय कोण?

"मी आहे ना," सरला म्हणाली आणि मुलीचं टोपडं सारखं करत राहिली.

मी हसलो. मग हसता हसता थांबलो. चौकटीतलं पत्र. तबेल्याचा मुन्शी. लाडवांचा डबा, इस्त्रीचा कोट, चार घड्या, मोजे. उठून ट्रंकेतून ही वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत आलो. बारा जुलैवर अडकलो आहे.

सरला, वाचत असशीलच. कारली तितकीशी वाईट नव्हती.